खिडकी हवी? मग वेगळे पैसे!

दिल्लीला भाच्याचं लग्न निघालं आणि घरात दोन पक्ष पडले. सौ. स्वस्त विमानाच्या बाजूनं. अण्णा, म्हणजे माझे वडील, तिकिटातच जेवणखाण देणाऱ्या 'फुल सर्व्हिस'चे कट्टर. इंडियन एअरलाइन्सच्या काळात हवाईसुंदरीनं ट्रेमधून गोळ्या आणि कानात घालायला कापूस आणून दिला होता, तेवढ्यावर त्यांची निष्ठा आजतागायत टिकून आहे.

"स्वस्त कंपन्या टिकत नाहीत," अण्णा म्हणाले. तसं पाहिलं तर 2003 साली कॅप्टन गोपीनाथांनी काढलेली एअर डेक्कन खरंच टिकली नाही. पण तिला गिळणारी, थाटामाटाची किंगफिशरही 2012 मध्ये जमिनीवर आली. जेट 2019 मध्ये थांबली. मग स्वस्तवाली गो फर्स्टही 2023 मध्ये झोपली. म्हणजे जेवण दिल्यानं कंपनी बुडते असं नाही, न देताही बुडते. इंधन दोघींनाही महागच पडतं.

शेवटी सौ.चा पक्ष जिंकला. मोबाइलवर भाडं इतकं कमी दिसलं, की अण्णासुद्धा गप्प झाले. मग पुढचं पान उघडलं. खिडकीला वेगळे पैसे, पाय लांब करायचे तर आणखी वेगळे. जेवण घेता का? रांगेत पुढे उभं राहायचंय का?

"अहो, ती विम्याची टीक आधी काढा!" सौ. ओरडली.

सर्वांत शेवटी 'सुविधा शुल्क' आलं. सगळं काम मीच केलं होतं, मग सुविधा नक्की कुणाची झाली? बेरीज फुल सर्व्हिसच्या आसपास गेली, तेव्हा अण्णांचा चेहरा पाहण्यासारखा होता. म्हणून त्यांची लाडकी कंपनीही उघडून पाहिली. तिथंही सर्वांत कमी भाड्यात मनासारखी जागा हवी तर पैसे! आता कोण कुठल्या पक्षाचा, तेच कळेना. नोव्हेंबर 2024 मध्ये फुल सर्व्हिसवाली विस्तारा एअर इंडियात विलीन झाली आणि त्याच महिन्यात स्वस्तवाल्या इंडिगोनं दिल्ली-मुंबई मार्गावर बिझनेस क्लास सुरू केला. पक्षांतर काय फक्त विधानसभेतच होतं?

खिडकीवर फुली मारून स्वस्त तिकीट काढलं.

खरी परीक्षा पुढेच होती. माणशी पंधरा किलो विमानाच्या पोटात, सात किलो हातात. घरात वजनकाटा एकच, माणसांचा. अण्णा बॅग उचलून काट्यावर उभे राहायचे, मी त्यातून त्यांचं वजन वजा करायचो. दर वेळी उत्तर वेगळं.

"अण्णा, तुम्ही श्वास रोखू नका!"

"सूनबाई, श्वासाला वजन नसतं."

तरीही दोन किलो जास्तच भरले. आहेराच्या साड्या निघणं अशक्य होतं, म्हणून अण्णांचे दोन स्वेटर आणि कोट बाहेर काढून त्यांनाच घातले. पुण्याच्या लोहगाव विमानतळावर ते घामाघूम होऊन रांगेत उभे. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "सर, बरं वाटतंय ना?"

"दिल्लीत थंडी आहे," अण्णा करारीपणे म्हणाले.

विमानात तिघं तीन रांगांत, तिघंही मधल्या खुर्चीवर. जागा फुकट मिळते ती अशीच. वर गेल्यावर सौ.नं डबा उघडला. थालीपिठाचा वास सुटला आणि तिच्या शेजारी, खिडकीशी विकतचे कप नूडल्स फुंकत बसलेला तरुण अस्वस्थ झाला. थोड्या वेळानं मागे वळून पाहतो तर सौ. खिडकीशी, तो मध्ये, हातात थालीपीठ आणि लोणी.

"पैसे नाही पडले," ती मागूनच खुणेनं म्हणाली. अण्णांनी लगेच कोट काढला, उठले आणि आपल्या खिडकीवाल्याशी बोलणी सुरू करण्यासाठी डबा मागितला.