रैयोलीचं कुंपण : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. गुजरातमधल्या बालासिनोरजवळच्या, डायनासोरची हाडं नि अंडी दगड होऊन सापडलेल्या रैयोली गावावर मी लिहिलेल्या लेखाबद्दल तुमचे दोन आक्षेप आहेत. डायनासोरच्या अंड्यानं मसाला वाटणाऱ्या आजीबाईंना मी अडाणी ठरवलं, हा पहिला. सरकारी लोकांनी हाडं उचलून नेलेली चालतात, मग गावकऱ्यानं एखादा दगड घरी नेला तर बिघडलं कुठं, त्या जागेला कुंपण कशाला, हा दुसरा.

पहिला मान्य. जड, गोलसर दगड हाताशी आला तर कुणीही तो कामाला लावेल. ‘अडाणी’ हा शब्द मी लेखातून काढलाय. मला वाईट वाटतं.

दुसरा मात्र पटत नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या सुरेश श्रीवास्तव यांनी 1982 ते 1984 या काळात रैयोलीची हाडं काढली, तेव्हा कुठलं हाड कुठं नि कशाशेजारी पडलंय याचा नकाशाही केला. पुढं जवळपास वीस वर्षांनी त्या नकाशाच्या आधारानं एकाच प्राण्याची हाडं जुळवता आली आणि 2003 मध्ये ‘राजासॉरस नर्मदेन्सिस’ या मांसाहारी डायनासोरचं नाव जगापुढं आलं. नकाशा नसता तर उरला असता तो नुसता ढिगारा.

जवळच्याच धोली डुंगरीचा दगड तर बघाच. तो आपल्या नागपूरच्या भूवैज्ञानिक धनंजय मोहबे यांना मिळाला. अंडी आणि डायनासोरचं पिल्लू, असं त्यांनी 1987 मध्ये लिहिलं. 2001 मध्ये जीवाश्मतज्ज्ञ जेफ्री विल्सन यांना त्याच हाडांत सापाचे मणके दिसले! दगड साफ केल्यावर दिसला साडेतीन मीटरचा साप, फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं घातलेला, शेजारी डायनासोरचं अर्ध्या मीटरचं पिल्लू. 6 कोटी 70 लाख वर्षांपूर्वी घरट्यावरच गाळाखाली गाडले गेलेले. ‘सनाजेह इंडिकस’ म्हणून 2010 मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यातला एक कोपरा कुणी आधीच घरी नेला असता, तर साप डायनासोरची पिल्लं खायला घरट्यात शिरत होते हे आपल्याला कसं कळलं असतं?

आणि कुंपण गावाविरुद्ध आहे असं मला वाटत नाही. ते माझ्यासारख्या बाहेरून येणाऱ्यांसाठी हवंय. 2019 मध्ये संग्रहालयही रैयोलीतच झालं. मी तिथं गेलो होतो तेव्हा अंड्याच्या कवचाचा नखाएवढा तुकडा उचलून तळहातावर घेतला होता. सोबतचा गावातला मुलगा म्हणाला, “जिथून घेतला तिथंच ठेवा.” मी दोन पावलं बाजूला ठेवायला गेलो, तर त्यानं बोटानं नेमकी जागा दाखवली.