बी.एड.च्या नव्या बॅचला आधी पाचवीच्या वर्गात पाठवा

बी.एड.चं नवं वर्ष सुरू होतंय. पणजीत आल्तिनोवर असो की फोंड्यात, प्रवेश मिळालेली मुलं-मुली आता पाठ टाचणाच्या वह्या, चार्टपेपर आणि स्केचपेनं घेऊन धावपळ करताना दिसतील. त्या सगळ्यांचं मनापासून स्वागत. मी डिचोली तालुक्यातल्या एका हायस्कुलात गणित शिकवते. दरवर्षी प्रशिक्षणार्थी आमच्याकडे इंटर्नशिपला येतात, म्हणून हे लिहावंसं वाटलं.

माझं म्हणणं एवढंच आहे की, गोव्यात शिक्षक व्हायचं असेल तर पाचवीचा वर्ग आधी बघा. नववी-दहावीचे पाठ नंतर.

पोर्तुगिजांपासून गोव्याची मुक्ती झाल्यावर पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या सरकारनं गावोगावी मराठी प्राथमिक शाळा उघडल्या. आमच्या आईवडिलांची पिढी त्या शाळांमुळे शिकली. प्राथमिकच्या माध्यमावरून पुढे केवढं रण पेटलं ते गोव्यात कुणाला सांगायला नको. २०११ साली इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान द्यायचं ठरलं तेव्हाचे मोर्चे अनेकांना आठवत असतील. पण या वादात एक गोष्ट कायम बाजूला राहिली. सत्तरी, सांगे, काणकोणच्या गावांतलं मूल चौथीपर्यंत मराठीतून किंवा कोकणीतून शिकतं आणि पाचवीला हायस्कुलात आलं की बहुतेक ठिकाणी गणित, विज्ञान, भूगोल सगळं एकदम इंग्रजीतून सुरू होतं. मधे फक्त मे महिन्याची सुट्टी. कालपर्यंत वर्गात हात वर करणारी मुलगी जूनमध्ये गप्प होते, आणि आम्ही शेऱ्यात लिहितो, ‘अभ्यासात कच्ची’.

गेल्या खेपेला आलेल्या एका प्रशिक्षणार्थी मुलीचा अपूर्णांकांवरचा पाठ मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. टाचण नेटकं, फळ्यावर चित्रं सुंदर. मागच्या बाकावरच्या मुलानं ‘डिनॉमिनेटर’ (म्हणजे छेद) हा शब्द वळणदार अक्षरात वहीत उतरवला होता आणि खाली तीन चतुर्थांशाच्या आकृतीत एकच भाग रंगवला होता. ती त्याच्या शेजारी जाऊन बसली आणि हळूच कोकणीत म्हणाली, ‘‘चार वांट्यांतले तीन दाखय पळोवया.’’ पोरानं लगेच बोट ठेवून तीन भाग दाखवले. म्हणजे गणित त्याला येत होतं! मग तिनं तेच त्याच्याकडून मराठीत लिहून घेतलं, आणि शेवटी अंश कुठला, छेद कुठला हे इंग्रजीतून म्हणवून घेतलं. सगळं मिळून पाचेक मिनिटांत. अख्ख्या पाठातला तो सगळ्यात चांगला भाग होता. निरीक्षणाला आलेल्यांनी मात्र शेरा दिला : इंग्रजीचा वापर कमी.

मला त्या शेऱ्याचा फार राग आला. २०२०चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण म्हणतं की शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत, आणि जमल्यास आठवीपर्यंत, मुलाच्या घरच्या भाषेतून शिकवा. शिक्षक-प्रशिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या एनसीटीईनं २०१४ साली बी.एड. दोन वर्षांचं केलं, तेव्हा आराखड्यात ‘लँग्वेज अक्रॉस द करिक्युलम’ हा विषय घातला, म्हणजे गणित शिकवणाऱ्यानंही मुलाच्या भाषेचा विचार करायचा. हे सगळं कागदावर आहे. ते वापरणाऱ्या मुलीचे गुण कापले जाणार असतील, तर बाकीची बॅच त्यातून काय शिकेल?

दोन वर्षांत मिळून वीस आठवडे शाळेत काढायचे असतात, त्यातले चार पहिल्या वर्षी. हे चार आठवडे पाचवीत घालवा. पाठ घ्यायची घाई नको. मुलांच्या बाजूला बसा, वह्या चाळा, कोण कुठल्या शाळेतून आलंय, घरी काय बोलतं ते विचारा. घरी कन्नड किंवा हिंदी बोलणारी मुलंही आता वर्गावर्गात आहेत, त्यांची अडचण आणखी वेगळी. (सूक्ष्म अध्यापनाचे, म्हणजे सरावाचे छोटे पाठ आपल्याच मैत्रिणींसमोर होतात. त्यांना सगळं आधीच येत असतं, त्यामुळे मूल कुठे अडतं ते तिथे कळत नाही.)

आणि आम्हा शाळावाल्यांनाही सांगायचंय. प्रशिक्षणार्थी म्हणजे रजेवरच्या शिक्षकाचे तास भरायला मिळालेलं फुकटचं माणूस नव्हे. त्यांना ऑफ तासांना पळवणं, निकालपत्रकं भरायला बसवणं बंद करा. सहावी ते दहावीच्या वर्गांचं वर्ष २०२५पासून एप्रिलमध्ये सुरू व्हायला लागल्यापासून ही मुलं येतात तेव्हा आम्ही ‘पोर्शन’ म्हणजे अभ्यासक्रम संपवायच्या मागे लागलेलो असतो, हे खरं आहे. तरी आठवड्यातून एक तास त्यांच्यासोबत बसून कुठल्या मुलाला काय कळलं नाही एवढं तरी बोलता येईल.

यंदा ज्या मुख्याध्यापकांकडे प्रशिक्षणार्थी येणार आहेत, त्यांनी वेळापत्रक लावताना त्यांना पाचवीचा एक वर्ग द्यावा, आणि तिथे कोकणी-मराठी बोलायला कुणी हरकत घेणार नाही असं निरीक्षकांना आधीच सांगून ठेवावं. आमच्या शाळेत मी हे मुख्याध्यापकांकडे मांडणार आहे. तुमच्याकडे काय करता येईल ते खाली लिहा.