शारदेचे लग्न नेमके कोणी मोडले?

नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये राहत असलो, तरी बेळगावच्या बातम्या वाचल्यावाचून माझा दिवस सरत नाही. सीमाप्रश्नाच्या चर्चेत मराठीचा पुरावा म्हणून आपण नाट्यपरंपरेकडेही बोट दाखवतो, आणि ते योग्यच आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांचा जन्म याच जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा, तर गोविंद बल्लाळ देवल बेळगावात शिकले आणि तेथेच शिक्षक झाले. मला खटकते ते असे की, देवलांवर हक्क सांगणारे आपण १८९९ मधील त्यांच्या ‘संगीत शारदा’तली पदे मैफलीत ऐकतो, पण नाटकाने विचारलेला प्रश्न ऐकत नाही.

पैशासाठी आपली मुलगी शारदा म्हाताऱ्याला देणारा कांचनभट आणि पुन्हा बोहल्यावर चढण्यास उतावीळ झालेला भुजंगनाथ यांच्यावर देवलांनी प्रवचन झोडले नाही. ‘म्हातारा इतुका न, अवघे पाऊणशे वयमान’ हे थट्टेचे पद त्यांनी शारदेच्या मैत्रिणींच्या तोंडी घातले. प्रेक्षक आधी हसतो आणि मग ‘मूर्तिमंत भीति उभी’ ऐकताना त्याच हसण्याची त्याला लाज वाटते. विनोदाकडून भयाकडे नेणारी ही योजना, माझ्या मते, मराठी रंगभूमीवरील सामाजिक टीकेचा सर्वांत धारदार नमुना आहे. पदे सुटी काढून गायली की ती धारच नाहीशी होते.

शेवट मात्र मला मान्य नाही. लग्न मोडते ते शारदेच्या नकारामुळे नव्हे, तर वधूवर सगोत्र निघाल्यामुळे. पुढे नाटकाचा तरुण नायक कोदंड याच्याशी तिचा विवाह होतो तोही शंकराचार्यांच्या संमतीने. त्या काळच्या प्रेक्षकाला शास्त्राच्याच आधाराने निरुत्तर करण्याची ही युक्ती असावी, हे मी समजू शकतो. पण गोत्र वेगळे असते तर काय झाले असते?

येथे इंग्लंडमध्ये असे प्रश्न रंगमंचावरच विचारले जातात. हट्टी बायकोला वठणीवर आणण्याची गोष्ट सांगणारे, आपल्याकडे ‘त्राटिका’ या रूपाने आलेले शेक्सपिअरचे ‘द टेमिंग ऑफ द श्रू’ हे नाटक रॉयल शेक्सपिअर कंपनीने २०१९ मध्ये स्त्रीपुरुषांच्या भूमिकांची अदलाबदल करून सादर केले. अभिजात नाटकाशी वाद घातल्याने त्याचा अपमान होतो, असे कोणी मानले नाही.

शारदेचा काळ सरला, असे ज्यांना वाटते त्यांनी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा २०१९-२१ चा अहवाल पाहावा. वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी अठरा वर्षांआधी लग्न झालेल्यांचे प्रमाण कर्नाटकात २१.३ टक्के, तर महाराष्ट्रात २१.९ टक्के आहे. सीमेच्या दोन्ही बाजूंना हे दुःख जवळजवळ सारखेच आहे. म्हणून निपाणी, खानापूर, अथणी येथे ‘शारदा’चे प्रयोग मराठीत आणि कन्नडमध्येही व्हावेत, आणि सगोत्राचा आधार काढून घेतल्यावर शारदेने काय करायला हवे होते, यावर प्रयोगानंतर गावातल्या मुलींनाच बोलू द्यावे, एवढी माझी तेथील नाट्यसंस्थांना कळकळीची विनंती आहे.