कोपऱ्यापर्यंतच

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत सून म्हणून आले तेव्हा घरात हिरवं असं एकच होतं, जिन्याचा ऑइलपेंट. तुळस होती, पण तिला ऊन मिळावं म्हणून रोज सकाळी कुंडी उचलून समोरच्यांच्या कट्ट्यावर ठेवावी लागे. बावीस वर्षं कुंडी वाहिल्यावर मी जाहीर केलं, "मला झाडीत घर पाहिजे."

आमचे हे म्हणाले, "बघूया की." आमच्या घरात 'बघूया की' म्हणजे नाही. पण तोवर माझा एजंटाला फोन होऊन गेला होता.

झाडी म्हटलं की आमच्या डोळ्यासमोर ताराबाई पार्क, नागाळा पार्क, रुईकर कॉलनी. एजंट प्रत्येक रस्त्यावर गाडीची काच खाली करायचा आणि म्हणायचा, "वहिनी, हवा बघा!" हवेचे पैसे वेगळे आहेत, हे दर ऐकल्यावर कळलं. बंगल्यांकडे आम्ही कळंब्याच्या जेलकडं बघावं तसं लांबूनच बघितलं. राहिले फ्लॅट. एका फ्लॅटचा हॉल असा, की पाहुणे बसले तर आम्ही उभं राहायचं. "हे सेलेबल धरून सांगितलं, भिंतींच्या आतलं कार्पेट वेगळं," एजंट म्हणाला. कार्पेट खरंच वेगळं होतं. आमची सतरंजीसुद्धा तिथं दुमडून घालावी लागली असती.

पण खरा प्रश्न पाण्याचा. मुंबईकर घर बघताना स्टेशन किती लांब विचारतात, आम्ही विचारतो, "पुरात पाणी आलतं काय?" पावसाळ्यात नाडी बघावी तशी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघणारी माणसं आम्ही. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका, हे पाढ्यांबरोबर पाठ.

एका सुंदर गल्लीत मी फाटकातल्या आजोबांना विचारलं. "छे छे," ते म्हणाले, "त्या कोपऱ्यापर्यंतच." कोपऱ्यावरच्या काकूंना विचारलं. "इथं? नाही बाई. त्या खालच्या कोपऱ्यापर्यंतच." खालच्या कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला म्हणाला, "आपल्याकडं नाही, पुढं त्या कोपऱ्यापर्यंत." असे कोपरे विचारत विचारत आम्ही पंचगंगेच्या घाटावर पोचलो. पाणी होतं ते तिथंच.

परत येताना मला एक दिसलं. गल्लीतल्या सगळ्या कंपाउंड भिंतींना नवा रंग होता, पण फक्त कमरेपर्यंत.

"२०१९ ला नव्हतं आलं," एजंट छातीवर हात ठेवून म्हणाला.

"आणि २०२१ ला?"

त्याला एकदम फोन आला. २०१९ ला पातळी ५५ फूट ७ इंचांवर गेली होती, २०२१ ला ५६ फूट ३ इंच. त्या आठ इंचांच्या फरकात तो माझा फ्लॅट बसवू बघत होता.

शेवटी उंचावर, तिसऱ्या मजल्यावर एक जागा मिळाली. बाल्कनीला खेटून जुनं रेन ट्री, इतकं मोठं की मी बेडरूम बघायचीच विसरले. घर माझ्या एकटीच्या नावावर झालं. बाईच्या नावावर मुद्रांक शुल्क एक टक्का कमी लागतं. माझ्यावरचं ह्यांचं प्रेम असं प्रथमच आकड्यात कळलं.

जूनमध्ये झाडावर बगळे आले. आधी चार, मग चाळीस, मग मी मोजायचं सोडलं. काय ती शुभ्र पिसं! ह्यांनी नवी काळी गाडी झाडाखाली सावलीत लावली होती. सकाळी तिच्यावर पांढऱ्या रश्शाचं पातेलं उलटल्यासारखं झालं होतं. वास मात्र रश्शाचा नव्हता. रात्रभर पिल्लं अशी ओरडतात, की पेठेतल्या गणपतीचा डॉल्बी मला अंगाईसारखा आठवतो. फांद्या छाटाव्यात यावर सोसायटीचं एकमत आहे. पण १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे महापालिकेकडं अर्ज द्यावा लागतो आणि अर्जावर सही करायला कुणी तयार नाही. झाडासाठीच तर सगळ्यांनी इथं जास्तीचे पैसे मोजलेत.

तुळस आता बाल्कनीत. ऊन येत नाही. रेन ट्रीची सावली पडते. म्हणून रोज सकाळी मी कुंडी उचलून गच्चीवर नेते, उघडी छत्री घेऊन.

परवा अशीच छत्री मिटत खाली आले, तर चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट बघायला एक जोडपं आलं होतं. सोबत तोच एजंट. काच खाली, हवा चालू. बाईंनी झाडाकडं बघून डोळे मिटले, मग हळूच मला विचारलं, "वहिनी, बगळ्यांचा काही त्रास?"

"छे हो," मी म्हणाले, "त्या कोपऱ्यापर्यंतच असतात."