ज्युनिअर वकिलाच्या मानधनाचं काय?

एका लॉ फर्मने, म्हणजे वकिलांच्या भागीदारी संस्थेने, समान वेतन, महिलांना भागीदारी, गरजूंना मोफत कायदेशीर मदत असं सगळं जाहीर केलंय, छानच. पण आमच्या इंदूरला वकिली म्हणजे बहुतेक एकेका सीनियरचं ऑफिस. तिथे ज्युनिअरने पैशाचा विषय काढला की 'अजून शिकतेयस ना?' हे ठरलेलं उत्तर. बार कौन्सिल ऑफ इंडिया या वकिलांच्या नियामक संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअरला महिन्याला शहरात किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये मानधन सुचवलं. सुचवलं फक्त, सक्ती नाही! त्यामुळे ज्याच्या घरी खाऊन-पिऊन सुखी परिस्थिती, तोच टिकतो. बाहेरगावची, खोलीचं भाडं भरणारी मुलगी दोन वर्षांत बँकेच्या परीक्षेला बसते.

दुसरं, २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यानुसार तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती दहा किंवा अधिक माणसं असतील तिथेच बंधनकारक. चार जणांच्या ऑफिसातली तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे न्यायची असते. कायद्याच्याच माणसांना हे ठाऊक नसतं, हे विशेष.

तेव्हा फर्मने या घोषणांचं पोस्टर नंतर लावावं. आधी सर्वात नव्या ज्युनिअरला महिन्याला किती देता आणि भागीदारांत बायका किती, एवढे दोन आकडे छापा.