पेंग्विनच्या गळ्यात मफलर

शाळेतली सगळ्यात निर्धास्त थाप वर्गाच्या मागच्या भिंतीवर टाचणीने टोचलेली असते, आणि तीही डिसेंबरात. एरवी विज्ञानाच्या पेपरात अर्धा मार्क सोडताना जिवावर येणारे आम्ही शिक्षक हिवाळी सुट्टीचा फलक सजवायला घेतला, की भूगोल, भौतिकशास्त्र आणि प्राणिशास्त्र या तिघांनाही एकदम रजेवर पाठवतो.

आदेश साधा असतो. ‘सुट्टी लागायच्या आत प्रत्येक वर्गाचा बोर्ड हिवाळी दिसला पाहिजे,’ मोठ्या बाई सांगतात. ‘आणि हो, काम मुलांनीच करायचं.’ या दुसऱ्या वाक्याचा अर्थ शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना पाठ आहे. काम आपण करायचं, पण ते मुलांनी केल्यासारखं वाकडं दिसलं पाहिजे. फार वाकडं नाही. बेताचं वाकडं. सरळ करण्यापेक्षा ते कितीतरी अवघड.

सुरुवात निळ्या कागदापासून होते. फलकाला पुरेल एवढ्या रुंदीचा कागद अजून कोणी बनवलेला नाही, त्यामुळे मधोमध सांधा येतोच. हिवाळी फलकांवर जिथे तिथे एक पर्णहीन झाड उभं दिसतं ना, ते सौंदर्यदृष्टीने काढलेलं नसतं. त्याच्या खोडामागे सांधा असतो. एका फलकावर तीन झाडं दिसली तर समजायचं, बाईंकडे कागदाचे तुकडेच उरले होते.

मग मथळा. ‘हिवाळी सुट्टीच्या शुभेच्छा’. शिरोरेषेची मोठी सोय आहे, अख्खा शब्द एका पट्टीला लटकलेला कापता येतो. पण पट्टी डावीकडून लावायला घेतली की ‘हिवाळी’ ऐसपैस पाय पसरून बसते, ‘सुट्टीच्या’ जरा सावरून घेते आणि ‘शुभेच्छा’मधला ‘च्छा’ चौकटीला गाल टेकून उभा राहतो. आधी मोजून घ्यावं, असं सांगणारे लोक भेटतात. त्यांना ‘च्छ’ पुठ्ठ्यातून कापायला द्यावा आणि आपण चहाला जावं.

खरी लढाई हिमकणांची. मुलं कागद घेतात, अर्धा दुमडतात, परत अर्धा, परत अर्धा आणि कात्री चालवतात. उलगडलं की चार नाहीतर आठ टोकांचं काहीतरी सुरेख निघतं. वर्ग टाळ्या वाजवतो आणि माझ्या पोटात गोळा येतो. कारण हिमकणाला टोकं सहा. बर्फ गोठताना पाण्याचे रेणू षट्कोनी जाळीत बसतात, त्यामुळे स्फटिक वाढतो तोही सहा दिशांना. क्वचित दोन स्फटिक एकमेकांत अडकून बाराही होतात, पण आठ नाहीत. सहाच का, या प्रश्नाने योहानेस केप्लरलासुद्धा छळलं होतं. ग्रहांच्या कक्षा उलगडणाऱ्या त्या माणसाने १६११ साली यावर एक छोटी पुस्तिका लिहिली आणि नवीन वर्षाची भेट म्हणून आपल्या आश्रयदात्याला दिली. पक्कं उत्तर त्यालाही सापडलं नाही. पण निदान टोकं तरी त्याने बरोबर मोजली होती.

सहा टोकांसाठी कागद गोल कापून आधी अर्धा आणि मग तीन सारख्या भागांत दुमडावा लागतो. ‘तीन सारखे भाग’ म्हटल्याबरोबर वर्गात अशांतता पसरते. एका भागात दुसरा शिरतो, तिसरा बाहेर डोकावतो. एवढं करून कोणी उत्साहात घडीची अख्खी कडच कापून टाकतो आणि हिमकणाऐवजी हिमवृष्टी हातात येते.

‘बाई, याला आठ आहेत, चालेल?’

‘नाही चालणार.’

‘मग हा कोळी आहे.’

आणि त्याने खरोखरच आठ डोळे काढून आणले. मी तो कोळी लावला. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने त्या फलकावर तेवढाच निर्दोष होता.

याहून मोठा विनोद शेजारच्या वर्गात झाला. तिथे ‘कोणतेही दोन हिमकण सारखे नसतात’ असं झोकदार वाक्य लिहिलं होतं आणि त्याखाली एकाच छापील नमुन्यावरून काढलेल्या हिमकणांची झेरॉक्स रांग होती. विल्सन बेंटली या अमेरिकी शेतकऱ्याने १८८५ मध्ये सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून हिमकणाचं पहिलं छायाचित्र घेतलं, पुढे आयुष्यभरात पाच हजारांहून जास्त घेतली आणि सारखे दोन आपल्याला कधी सापडले नाहीत, असं सांगितलं. बिचाऱ्याला झेरॉक्स मशीन ठाऊक नव्हतं.

कापसाबद्दल फार बोलत नाही. तो बर्फ म्हणून फलकावर लावायचा असतो आणि डिंकामुळे बोटांना, बाह्यांना आणि पुढच्या बाकावरच्या मुलीच्या वेणीला लागतो. चमकीबद्दल तर मुळीच नाही. ती अजून माझ्या हजेरीपटात आहे.

तर पेंग्विन. हिवाळी फलकावर तो ध्रुवीय अस्वलाचा हात धरून उभा असतो, गळ्यात लाल मफलर. अस्वल उत्तर ध्रुवाकडचं, पेंग्विन दक्षिण गोलार्धातले. ‘बाई, गॅलापागोसचे पेंग्विन विषुववृत्ताच्या थोडे वर पण असतात,’ असं एकाने मला सुनावलं, आणि ते खरंच आहे. पण म्हणून अस्वल त्यांना भेटायला तिथे उतरत नाही. त्यातून अंटार्क्टिकात डिसेंबर म्हणजे भर उन्हाळा. बहुतेक भागात सूर्य मावळतच नाही. किनाऱ्यावर पेंग्विनांची पिल्लं अंड्यांतून बाहेर येत असतात, आईबाप मासे आणण्याच्या धावपळीत, आणि आपण त्यांना लोकरीत गुंडाळतो.

या वर्षी मी ठाम राहिले. अस्वल वरच्या कोपऱ्यात, काळोखात. (ते एका मुलीने काळं रंगवलं होतं. ‘केसांखाली कातडी काळीच असते, बाई.’ असते. मी काय बोलणार?) पेंग्विन अगदी खाली, मागे पिवळा सूर्य, डोळ्यांवर कागदी गॉगल. मध्ये कागदाची विषुववृत्ताची पट्टी. तिने कागदाचा एक आडवा सांधाही झाकला, हे आपल्यातच राहू द्या.

गंमत अशी की एवढी मरमर करून फलक पुरा होतो तो सुट्टीच्या आदल्या दिवशी. पुढे तो बाकांसाठी असतो. मुलं परत आली की आठवड्याभरात ‘अजून जुनाच बोर्ड?’ असं कोणीतरी विचारतंच. उत्तर गोलार्धात सगळ्यात मोठी रात्र २१-२२ डिसेंबरच्या सुमाराला येते आणि खगोलशास्त्राचा हिवाळा तिथून सुरू होतो. म्हणजे थंडी नुकती कुठे बस्तान बसवते आणि आम्ही स्टेपलरच्या पिना उपसत तिला भिंतीवरून खाली काढतो.

मोठ्या बाई पाहणीला आल्या. हिमकणांपाशी थांबल्या, ‘सुबक आहेत’ म्हणाल्या. टोकं मोजली नाहीत. कोळ्याकडे जरा रोखून पाहिलं. मग पेंग्विनपाशी आल्या.

‘हिवाळी बोर्डावर हा गॉगल लावून का उभा आहे?’

मी पृथ्वीच्या आसाचा कल साडेतेवीस अंश असतो इथपासून सुरुवात करणार, तेवढ्यात मागून कोळीवाला म्हणाला, ‘तो सुट्टीवर आहे, मोठ्या बाई.’

त्या मनापासून हसल्या. माझा अख्खा भूगोल वाचला. दारापर्यंत जाऊन त्या मागे वळल्या आणि म्हणाल्या, ‘छानच आहे हो. फक्त त्याला एक मफलर घाला. थंडीचे दिवस आहेत.’

आता त्याच्या डोळ्यांवर गॉगल आहे, गळ्यात मफलर आहे, आणि मुलांना न्यायला आलेले पालक सगळ्यात जास्त फोटो त्याचेच काढतात.