होला बेफिकीर नाहीये काका! (मागच्या पोस्टवरच्या कमेंटला उत्तर)

काका, एवढी सविस्तर कमेंट लिहिलीत त्याबद्दल थँक्यू. उत्तर लांबलं म्हणून वेगळी पोस्टच टाकतेय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते, आमच्या कोथरूडच्या बाल्कनीत कोरफडीच्या कुंडीत होल्याच्या (कबुतराच्या कुळातला छोटा पक्षी) जोडीने दोन अंडी घातली त्याबद्दल मी लिहिलं होतं. त्यावर काकांचं म्हणणं असं की होला हा महाबेफिकीर पक्षी, चार काटक्या टाकतो आणि अंडी घालून मोकळा होतो, नर दिवसभर उनाडतो आणि मादी बिचारी बसून राहते, मग मी नुसते फोटो काढण्यापेक्षा खोक्यात कापूस घालून नीट घरटं करून द्यायचं ना. शिवाय पक्षी दूध पाजतात हे व्हॉट्सॲपवरचं विज्ञान आहे, आणि असल्या पोस्टींमुळे लोक कबुतरांचे लाड करतात नि शेजाऱ्यांना दमा होतो.

दुधापासूनच सुरू करते, कारण बाकी सगळं त्यावरच उभं आहे.

हे दूध म्हणजे गाईसारखं आचळातून येणारं नाही, हे तर उघडच आहे. पक्ष्याच्या गळ्याशी दाणे साठवायची पिशवी असते, तिच्या आतल्या अस्तराच्या पेशी पिल्लं बाहेर यायच्या सुमारास चरबी आणि प्रोटीनने भरतात आणि सुटून पडतात, दिसायला पनीरच्या चुऱ्यासारखं काहीतरी. पहिले काही दिवस पिल्लांना फक्त हेच, नंतर हळूहळू त्यात भिजलेले दाणे मिसळायला लागतात. आणि हे आई-बाप दोघंही तयार करतात. ज्या हार्मोनमुळे हे होतं ते प्रोलॅक्टिन, म्हणजे बाळंतिणीला दूध येतं त्यामागे असतं तेच. 1930 च्या दशकात अमेरिकन शास्त्रज्ञ ऑस्कर रिडल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कबुतरांच्या या पिशवीवर काम करतानाच त्याला ते नाव दिलं, आणि पुढे कितीतरी वर्षं प्रोलॅक्टिन मोजायचं तर कबुतराची पिशवी किती जाड झाली ते बघायचे. तर व्हॉट्सॲपच्या बऱ्याच आधीची गोष्ट आहे ही. तुम्ही भिगवणला रोहित (फ्लेमिंगो) बघायला जात असाल तर तेही पिल्लांना असंच काहीसं पाजतात, त्यांचं तर लाल रंगाचं असतं.

आता याचा घरट्याशी काय संबंध? तर चिमणी बघा, एरवी दाणे खाते पण पिल्लांना अळ्या-किडे भरवते, म्हणजे तिला किडे भरपूर मिळतील तो काळ गाठावा लागतो. होल्याला ती अडचणच नाही, आई-बापांना दाणे मिळाले की दूध तयार, म्हणून आपल्याकडे होला जवळजवळ वर्षभर अंडी घालताना दिसतो, भर एप्रिलच्या उन्हातसुद्धा. अंडी फक्त दोनच, कारण दूध साधारण दोघांनाच पुरतं. तेरा-चौदा दिवस उबवणं, मग साधारण दोन आठवड्यांत पिल्लं उडून जातात, की लगेच पुढची दोन, बऱ्याचदा त्याच घरट्यात.

ज्याला वर्षातून इतक्या वेळा हा सगळा खटाटोप करायचाय त्याने सुगरणीसारखं दिवसेंदिवस विणत बसायचं कशाला? नर एकेक काडी आणतो, कित्येकदा मादीच्या पाठीवर उभा राहून तिला देतो, ती आपल्याभोवती खोचते, दोन-चार दिवसांत काम खलास. खालून बघितलं तर काड्यांतून अंडी दिसतात, हे तुमचं अगदी खरं, पण पावसाचं पाणी त्यात साचत नाही आणि फांदीत ती चिमूटभर काटकी पटकन नजरेतही येत नाही. काही अंडी जातात, कावळा नेतो, मांजर नेतं, आणि ज्याचं दर्शन शुभ म्हणून आपण सकाळी हात जोडतो तो भारद्वाज तर अंडी-पिल्लं शोधत झाडात फिरतच असतो. गेली तर गेली, हे दोघं थोड्याच दिवसांत पुन्हा सुरू. याला बेफिकिरी म्हणायचं तर म्हणा, पण पुण्यात तळजाईपासून पाषाणपर्यंत कुठेही सकाळी उभं राहिलं तर होल्याचं घुमणं ऐकू येतं, त्यामुळे यांचं काही अडलंय असं मला तरी वाटत नाही.

आणि नर उनाडतो हे साफ चूक हं! अंडी पांढरीशुभ्र, उघड्यावर, म्हणून कोणीतरी सतत बसलेलं लागतं, आणि त्यांच्या शिफ्ट ठरलेल्या असतात, रात्रभर मादी, आणि सकाळी उशिरापासून संध्याकाळ व्हायच्या आधीपर्यंत साधारण नर. दोघं दिसायला सारखेच, त्यामुळे ड्युटी बदललेली आपल्याला कळत नाही. तुम्ही दुपारी चहा घेताना जी 'बिचारी मादी' बघितलीत तो बहुतेक बाप होता.

कापसाचं म्हणाल तर कृपा करून नको. त्याचे धागे पिल्लांच्या पायात गुरफटतात, आणि खोक्याचा तळ गुळगुळीत असेल तर पिल्लांचे पाय फाकतात, ते नीट उभं राहूच शकत नाहीत. काड्या खडबडीत असतात त्याच बऱ्या. घरटं खरंच खाली पडलं तर एखाद्या उथळ परडीत थोड्या काटक्या घालून त्याच जागी ठेवायची आणि लांब व्हायचं. माणसाचा हात लागला म्हणून वासाने पक्षी पिल्लं टाकतात हे खरं नाही. हां, अंडी नुकतीच घातलेली असताना सारखं कोणी डोकावत राहिलं तर मात्र होले घरटं सोडून जातात, म्हणून मी फोटोसुद्धा आतून, काचेमागून काढले होते.

तुम्ही लिहिलंय की मागे पडलेल्या पिल्लाला ड्रॉपरने दूध पाजलं तरी ते गेलं, वाचून वाईट वाटलं. होल्याचं पिल्लू इतर पिल्लांसारखं चोच वासून बसत नाही, ते आपली चोच आई-बापाच्या चोचीत घालून ओढून घेतं. वरून थेंब टाकले की ते श्वासनळीत जातात, शिवाय गाईचं दूध त्याला पचत नाही. पिल्लू जखमी नसेल तर परत घरट्यात ठेवणं सगळ्यात चांगलं, जखमी असेल तर ऊबेला ठेवून रेस्क्यूवाल्यांना किंवा वनविभागाला फोन करायचा, खायला-प्यायला काही द्यायचं नाही.

दम्याचा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाहीये. कबुतरांची विष्ठा आणि पिसांची धूळ सतत नाकात जाऊन फुफ्फुसं बिघडतात, डॉक्टर सांगतातच. पण ते एसीच्या मागे वर्षानुवर्षं थवेच्या थवे राहतात, वर आपण पोतं-पोतं ज्वारी टाकतो, ते पारवे. कुंडीतली एक जोडी म्हणजे ती परिस्थिती नव्हे. घाण होते हे मान्य, पिल्लं मोठी झाली की आई-बाप विष्ठा उचलत नाहीत, घरट्याच्या काठावर वाळून घट्ट होते. ती कोरडी झाडायची नाही, मास्क लावून, पाणी मारून, ओली करून काढायची. घरात कोणाला आधीच श्वासाचा त्रास असेल तर त्या महिन्यात ती खिडकी बंद ठेवा.

शेवटी तुम्ही विचारलंत की बाल्कनीला जाळी लावून घेऊ का. लावा की, घर तुमचं आहे, मी कशाला अडवू? फक्त आत्ता तुमच्याकडे अंडी आहेत तोवर नको, 1972 च्या वन्यजीव कायद्यात रानपक्ष्यांची अंडी-घरटी उद्ध्वस्त करणं शिकारीतच मोडतं. पिल्लं उडाली की जाळीवाल्याला बोलवा, पण तारीख आठवडाभर पुढची घेऊ नका, तेवढ्यात पुढची दोन अंडी आलेली असतील आणि तुमचा अजून एक महिना जाईल.